वय वाढलं, आतषबाजीचं वेड काही गेलं नाही: नव्यांची हजेरी आणि एक जुनं कोडं

उशिराचा_बाण:

नमस्कार मंडळी. वय ५२, इथे नवाच. घरात सगळ्यांना माहीत आहे की "बाबांना फटाके आवडतात". आता त्यांना कोण सांगणार की फटाके मला फारसे आवडतच नाहीत! मला आवडतं ते आकाशात उमलणारं. आणि त्याहून जास्त, त्याच्या आधीचा तो 'धुप्'. गोळा नळीतून सुटलेला असतो, वर काळोखाशिवाय काही दिसत नसतं, आणि हजार माणसं माना वर करून नुसती वाट बघत असतात. त्या दोन-तीन सेकंदांसाठी मी आजवर कुठे कुठे जाऊन उभा राहिलो आहे ते बायकोला विचारा.

नव्यांनी इथे आपापली ओळख सांगावी, किस्से सांगावेत, यासाठी हा धागा. पण माझा एक स्वार्थही आहे. एक कोडं सोडवायचंय.

सहा-सात वर्षांचा असेन. बाबांच्या खांद्यावर बसलो होतो, ताई खाली त्यांचं बोट धरून. बाबांनी शिकवलं होतं, उजेड दिसला की मोजायला लागायचं आणि आवाज आला की थांबायचं. आम्ही दोघं ओरडून मोजत होतो. प्रत्येक वेळी तीन. मग एक गोळा फुटला तो नुसता सोनेरी. इतर फुलं उमलून विझत होती, हे विझेना. उमललं, मग झुकलं, मग गळायला लागलं, गळत गळत पार झाडांच्या शेंड्यांपर्यंत आलं. मी मूठ पुढे धरली होती, बहुधा पकडायला. मुठीत मावत नव्हतं, जेमतेम तेवढंच होतं पण. मग अंधार झाला. बाबा "चला" म्हणून वळले, आणि त्याच क्षणी जिथे जिथे ती सोनेरी टोकं विझली होती तिथे पांढरं काहीतरी लुकलुकायला लागलं. शेकडो ठिकाणी. आवाज काहीच नाही. टाळ्या वाजवायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

त्यानंतर पुष्कळ आतषबाजी पाहिली, ते फूल पुन्हा दिसलं नाही. त्याला काय म्हणतात? आणि दुसरं म्हणजे, भुईनळ्यापेक्षा मोठं काहीही स्वतःच्या हाताने न पेटवता कुणी स्वतःला या छंदातला म्हणवून घेऊ शकतो का?


उखळवाला:

या, या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. मी १९ वर्षं परवानाधारक दारूकामवाल्यांच्या हाताखाली राबतोय आणि खरं सांगायचं तर खेळ नीट पाहिला असा एकही नाही. खाली उभं राहून बघायचं म्हणजे मान मोडते, हेल्मेटवर जळका पुठ्ठा पडतो आणि डोळ्यांत राख जाते. फूल बघावं ते तुम्ही लोकांनी, लांबून. तेव्हा खरे छंदी कोण ते ठरवा.

आमचं काम म्हणजे बारा तास हमाली आणि वीस मिनिटं छातीत धडधड. सकाळी चौकटी लावायच्या, नळ्या ताणून बांधायच्या, वाळूच्या गोण्या रचायच्या. दुपारी गोळे भरायचे. गोळा नळीत टाकत नाहीत, दोरीला धरून सोडतात, अगदी विहिरीत कळशी सोडावी तसा. तळाला टेकला की हाताला कळतं. टेकला नाही, मध्येच अडकला, तर कितीही घाई असली तरी बाहेर काढायचा. त्या वेळी नळीच्या तोंडावर डोकं आणायचं नाही, रिकामी आहे अशी खात्री असली तरी नाही. ही सवय इतकी अंगात मुरते की मी घरी पिंपात वाकून बघतानासुद्धा मान तिरकी करतो.

आता कोडं. गोळ्याच्या पोटात काय असतं ते आधी थोडक्यात. खाली उडवणाऱ्या दारूची पुडी असते. ती पेटली की गोळा वर जातो आणि त्याच जाळाने गोळ्यातली वात लागते. तुमची ती आवडती दोन-तीन सेकंदं म्हणजे ही वात जळतेय. ती संपते तोवर गोळा माथ्यावर पोचलेला असतो. मग मधली दारू फुटते आणि भोवती रचलेल्या गोळ्या, आम्ही त्यांना 'तारे' म्हणतो, पेटून चहूकडे जातात. तारे शेपूट न सोडता गेले तर ते 'बोतान', म्हणजे पिओनीचं फूल. शेपूट सोडत गेले तर 'किकू', शेवंती. नावं जपानी आहेत, कारण गोल गोळ्यांची कारागिरी त्यांनीच टोकाला नेली. आणि शेपूट दाट, चमचमती सोनेरी असेल, विझता विझत नसेल, झुकत खाली येत असेल तर 'कामुरो'. लहान मुलांचे सरळ कापलेले केस डोक्यावरून चहूकडे पडतात ना, त्या केशरचनेचं नाव. तुमचा गोळा कामुरोच, आणि टोकाला लुकलुकणारे तारे. पैज लावतो.

तीन आकडे म्हणजे तुम्ही साधारण एक किलोमीटरवर होतात. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. बाबा हुशार होते तुमचे.


निळीच्या_मागे:

पैज घेतली. मला हा कामुरो वाटत नाही, विलो वाटतो, लोंबत्या फांद्यांच्या विलो झाडावरून नाव पडलेला. बाणभाऊंचं वर्णन पुन्हा वाचा: गळायला लागलं, शेंड्यांपर्यंत आलं. चमचमत होतं असं ते कुठेच म्हणत नाहीत. विलोच्या ताऱ्यात कोळशाचं प्रमाण जास्त असतं. कोळशाचा कण हळू जळतो, जळताना तांबूस-सोनेरी तापतो आणि बराच वेळ तसाच राहतो, म्हणून ती लोंबणारी फांदी दिसते. कामुरोत बऱ्याचदा टायटॅनियमसारखा धातू असतो, त्याची ठिणगी जास्त झगझगीत. फरक कळायला एकच प्रश्न पुरे: फांद्या मोजता येत होत्या का?

माझी ओळख: शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. वेड निळ्या रंगाचं. नवीन मंडळींनी एक करून बघा. पुढच्या खेळाला गेलात की फक्त निळ्यावर लक्ष ठेवा. लाल फक्कड जमतो, तो स्ट्रॉन्शियमचा. हिरवा बेरियमचा, तोही छान. पिवळा तर सोडियमचा, तो न बोलावता येतो. चिमूटभर मिठाची भेसळ झाली तरी बाकीच्यांना गिळून टाकतो. निळा मात्र नखरेल. तो येतो तांब्याच्या आणि क्लोरिनच्या एका रेणूपासून, आणि हा रेणू फार तापला की मोडतो. ज्योत थंड ठेवावी तर उजेड कमी, तापवावी तर निळा फिका पडून पांढरट होतो. त्यात आपला डोळा गडद निळ्याला तसाही फारशी दाद देत नाही, आणि भोवती धूर असतो. चाळीस वर्षांत मी ज्याला निर्मळ निळा म्हणेन असे गोळे बोटांवर मोजण्याइतके पाहिले. एकदा तर शेजारच्या अनोळखी बाईंना मी "बघा, बघा, जांभळट नाहीये!" म्हणून ओरडून सांगितलं. त्या उठून दुसरीकडे जाऊन बसल्या.

गंमत म्हणजे हे रंग तसे अलीकडचे. सोरा, गंधक, कोळसा ही मंडळी हजार वर्षांची जुनी, पण त्यातून येणार काय, तर नारिंगी आणि पांढरट उजेड. १८व्या शतकाच्या अखेरीस बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पोटॅशियम क्लोरेट तयार केलं, आणि त्याच्या जोरावर १९व्या शतकात खरे रंग आले. राजेरजवाड्यांची आतषबाजी आपण मनात रंगीत बघतो, ती बहुतेक सोनेरीच होती. म्हणजे बाणभाऊंचं फूल हे सगळ्यात जुन्या घराण्यातलं.


डावा_कान:

मीही नवा. नाव का घेतलं ते ओघाने आलंच. सोळाव्या वर्षी एक नळा पेटला नाही. मी मनात दहा मोजले, मला वाटलं फुसका. वाकलो. डोळे वाचले कारण त्याच वेळी मागून मित्राने हाक मारली आणि मान वळली होती. डाव्या कानात तेव्हापासून एक बारीक शिट्टी वाजते, रात्री जास्त. दोष कुणाचा नाही, माझाच.

तरी वेड गेलं नाही. लोकांना हे पटत नाही. आता मी फक्त बघतो, कानात बोळे घालून, लांब. जो पेटला नाही तो फुसका नसतो, तो उशिराचा असतो. (बाणभाऊ, तुमच्या नावावर टीका नाही.)


उखळवाला:

डावा_कान, तुमची ही ओळ आमच्या सगळ्या नव्या पोरांना वाचून दाखवणार आहे. आमच्याकडे न उडालेल्या गोळ्याजवळ खेळ संपल्यावरही निदान पंधरा मिनिटं कुणी फिरकायचं नाही. घरगुती वस्तू असेल तर लांबूनच भरपूर पाणी ओतायचं आणि पुन्हा पेटवायचा विचारही करायचा नाही.


तिपाई:

फोटोवाला. गेल्या वर्षीपर्यंत माझे सगळे फोटो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे यायचे, पांढरे आणि फुगलेले. कारण मी अंधार बघून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवत होतो. आतषबाजी अंधारात असते, पण ती स्वतः अंधारी नसते हो! आयएसओ १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचं तोंड) ८ ते ११, फोकस हाताने लांबवर करून तिथेच बंद, आणि शटर बल्बवर, म्हणजे दाबून धरू तेवढा वेळ उघडं. 'धुप्' ऐकू आलं की उघडायचं, शेवटची ठिणगी विझली की मिटायचं. म्हणजे हात कानाच्या हुकमावर चालतो. तीन-चार गोळे एकाच चौकटीत हवे असतील तर शटर उघडंच ठेवून मधल्या वेळात भिंगापुढे काळा पुठ्ठा धरायचा.

आणि वारा. वारा पाठीवर हवा. माझी पहिली दोन वर्षं सुंदर जागा पकडून धुराचे फोटो काढण्यात गेली. पहिली पाच मिनिटं स्वर्ग, मग नुसता रंगीत कापूस. गवताची काडी उडवून बघा, लाज वाटून घेऊ नका.

बाणभाऊ, तुमच्या फुलाचा फोटो काढायचा तर शटर सात-आठ सेकंद उघडं ठेवावं लागेल, आणि तेवढ्यात शेजारचा गोळा फुटून सगळं पांढरं करणार. तुमच्या आठवणीत ते एकटं आहे यावरून ते मुद्दाम एकटं सोडलं असणार. खेळ बांधणारा जाणता असेल तर अशा गोळ्याच्या आधी आणि नंतर रिकामी जागा ठेवतो.


उखळवाला:

अगदी. आमचे वस्ताद म्हणतात, दारू कमी आणि काळोख जास्त विकता आला पाहिजे. पण पैसे देणाऱ्याला काळोखाचे पैसे द्यायचे नसतात, त्याला शेवटी धडाधड पाहिजे असतं.


रोज_नवा:

नमस्कार, मी १९ वर्षांचा आहे. लहानपणापासून हेच करायचंय. व्हिडिओ बघून तारे कसे वळतात ते बरंच समजलं आहे. थोडंसं साहित्य जमवून घरी एखाद-दुसरा तारा करून बघावा म्हणतो. अगदी छोटा. कुणी मार्गदर्शन कराल का?


निळीच्या_मागे:

नाही. रागावू नकोस, पण याचं उत्तर माझ्याकडून 'नाही' एवढंच मिळेल. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत होतो आणि हे मिश्रण मी घरी कधी केलेलं नाही. काही जोड्या नुसत्या शेजारी आल्या तरी आपोआप तापतात, काही नायलॉनच्या कपड्यावरच्या स्थिर विजेने पेटतात, आणि 'अगदी छोटा' ज्यात मिसळतोस ते भांडं छोटं नसतं.


उखळवाला:

सरांनी दार लावलं, मी खिडकी उघडतो. पोरा, तुला तारे वळायचे आहेत ना? मग ते काय असतं ते ऐक. चांगल्या जपानी गोळ्याचा तारा मोहरीएवढ्या गाभ्यापासून सुरू होतो. परातीसारख्या फिरत्या भांड्यात त्यावर ओलसर दारूचा एक पातळ थर चढतो. वाळवायचं. मग पुढचा थर. वाळवायचं. लालवरून हिरवा होणारा तारा म्हणजे आत हिरवे थर, वर लाल. मोठ्या गोळ्याचे तारे व्हायला आठवडेच्या आठवडे जातात. घाईने सुकवला तर वरून कोरडा, आत ओला, आणि असा तारा आकाशात मध्येच आंधळा होतो. मग हे शेकडो तारे अर्धगोलात एकेक करून चिकटून बसवायचे, मध्ये दारूचा लेप दिलेलं भाताचं तूस भरायचं, दोन अर्धे मिटायचे आणि वरून कागदाच्या पट्ट्या, पुन्हा पुन्हा. कागद एका बाजूला कमी पडला तर फूल त्या बाजूला फुटतं, गोल येत नाही.

हे एकट्याने खोलीत करायचं काम नाही, परवाना असलेल्या कारखान्यात वर्षानुवर्षं शिकायचं काम आहे. तू असं कर, परवानाधारक मंडळींकडे हमालीला जा. पहिली दोन वर्षं गोण्या उचलशील. मी तीन वर्षं उचलल्या.


रोज_नवा:

गोण्या चालतील. कळवतो. (आई हे सगळं मागून वाचतेय आणि तुम्हा दोघांचे आभार मानतेय.)


मांजरवाली:

माफ करा, कौतुकाच्या धाग्यात मीठ टाकते. तुमच्या त्या काळोखातल्या दोन सेकंदांत माझी मांजर पलंगाखाली शिरते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर येते. शेजारच्या आजोबांना दमा आहे. तुम्ही लोक रेणू आणि शेवंत्या म्हणता, आमच्या घरात खिडक्या बंद करून टॉवेल लावतात. छंद आहे, मान्य. पण तो इतरांच्या घरात शिरणारा छंद आहे एवढं तरी कबूल करा.


डावा_कान:

कबूल. कान गेलेल्या माणसाने आवाजाची बाजू घेऊ नये हे मला कळतं.


निळीच्या_मागे:

ताई, माझंही कबूल. बेरियम, तांबं, परक्लोरेट, धुरातली बारीक धूळ हे सगळं खाली येतं, हवेत आणि पाण्यात जातं. मी शिकवायचो ते काय आतषबाजीपुरतं विसरायचं? एकच सांगतो. मोठा आवाज आणि मोठं फूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाणभाऊंचं फूल आवाजासाठी नव्हतंच. नुसत्या धमाक्याच्या गोळ्यात तारे नसतात. तो मला उद्या बंद झाला तरी चालेल.


उखळवाला:

सर, इथे मात्र भांडण. आवाज म्हणजे नुसता गोंगाट नव्हे. स्पेनमध्ये वालेन्सियाला मार्च महिन्यात १ ते १९ तारखेपर्यंत रोज दुपारी दोन वाजता भर उन्हात आतषबाजी होते, 'मास्क्लेता'. बघायला काय, धूर! लोक येतात ते ऐकायला. हळू सुरू होतं, ताल धरतं, चढत जातं आणि शेवटी जमीन हलते. अंगाने ऐकायची गोष्ट आहे ती. ज्याला हा नको त्याने तो वगळावा, पण त्यात कारागिरी नाही असं म्हणू नका.

मांजरवाली ताई, तुमचं म्हणणं वेगळं आणि खरं आहे. वेळ आणि जागा आधी जाहीर असावी, एकदाच व्हावं, वीस मिनिटांत संपावं, हे मी आमच्या लोकांत बोलतो. गल्लीत रात्रभर चालतं त्याचं समर्थन माझ्याकडे नाही.


मांजरवाली:

ठीक. वेळ आधी कळली तर मी तिला घेऊन दुसऱ्या खोलीत रेडिओ लावून बसेन. पलंगाखाली मात्र तुम्ही येऊन काढा.


खोकाझाकण:

मी पेटवत नाही, फोटो काढत नाही, रसायनात नापास. मी खोक्यांवरचे कागद जमवतो. जुने छापील कागद, वाघ, मोर, विमानं, रॉकेटवर बसलेली बाई. आतला माल केव्हाच जळून गेला, कागद राहिला. साडेचारशेच्या आसपास झालेत. ओल लागते म्हणून कपाटात खडूचे तुकडे ठेवतो. बायको म्हणते, निदान याचा धूर तरी होत नाही.

कागदांच्या नादाने इतिहास वाचायला लागलो, आणि मला आवडतात ते फसलेले खेळ. १७४९ सालच्या २७ एप्रिलला लंडनच्या ग्रीन पार्कात राजाने तह साजरा करायला प्रचंड आतषबाजी ठेवली. हँडलने त्यासाठी संगीत लिहिलं, जे आजही वाजतं. सहा दिवस आधी नुसत्या तालमीला हजारो लोक लोटले होते. आणि प्रत्यक्ष दिवशी? पावसाने दारू सर्द, आणि जो भव्य लाकडी मंडप सेर्वांदोनीने उभारला होता त्याच्या एका बाजूला आग लागली. हे पाहून सेर्वांदोनीने दारूकामाच्या प्रमुखावर तलवार उपसली! त्याला धरून नेलं. उखळवाला, तुमच्याकडे मंडपवाल्यांशी भांडणं होतात का हो?

दुसरा किस्सा चित्राचा. व्हिसलर नावाच्या चित्रकाराने १८७५च्या सुमारास काळोखात गळणाऱ्या बाणाचं चित्र काढलं, जवळजवळ सगळं काळं आणि त्यात सोनेरी ठिणग्या. रस्किन या मोठ्या समीक्षकाने त्यावर इतकं जहरी लिहिलं की व्हिसलर कोर्टात गेला. १८७८ साली खटला जिंकला आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खर्चापायी दिवाळखोर झाला. बाणभाऊ, ते चित्र बघा. तुमचं फूल नाही, पण तुम्ही सांगता तो अंधार आहे.

आणि जपानात अजूनही लोक चांगलं फूल पाहिलं की "तामायाऽऽ" म्हणून ओरडतात. तामाया हे आतषबाजीवाल्यांचं घराणं. १८४३ साली त्यांच्याकडून आग लागली आणि त्यांना एडो शहरातून हाकलून दिलं. पेढी बुडाली, नावाची हाळी मात्र उरली.


उखळवाला:

मंडपवाल्यांशी भांडण दर खेळाला. तलवारी नसतात एवढंच.

फसलेल्यांत माझाही एक आवडता. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये स्टीमबोट स्प्रिंग्ज नावाचं बर्फाळ गाव आहे. तिथल्या मंडळींनी जगातला सगळ्यात मोठा गोळा उडवायचा ध्यास घेतला. २०१९ साली उडवला तर तो नळीतच फुटला. वर्षानुवर्षांची मेहनत डोळ्यांदेखत गेली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुन्हा उभे राहिले आणि साधारण १,२७० किलोचा गोळा वर नेऊन फोडला, विक्रम झाला. जपानात काताकाईला सप्टेंबरमध्ये चार शाकूंचा, म्हणजे १२० सेंटिमीटर व्यासाचा गोळा उडवतात, तोही चारशे किलोच्या वर. तो पोटात फुटतो म्हणतात. मी पाहिलेला नाही. पण त्या कोलोरॅडोवाल्यांचा विक्रम मला तितका भावत नाही जितकी २०१९च्या त्या फसलेल्या रात्रीनंतरची सकाळ. फाटलेली नळी उचलायला कोण गेलं असेल?


उशिराचा_बाण:

सगळ्यांचे आभार. सरांचा प्रश्न, फांद्या मोजता येत होत्या का, तो चार दिवस डोक्यात बसला. शेवटी काल ताईला फोन केला. तिचं वय तेव्हा दहा, तिला जास्त आठवणार असा माझा हिशोब.

ताई म्हणाली, "आठवतं की! हिरवं लुकलुकत होतं."

हिरवं! मी म्हटलं, पांढरं. ती म्हणाली, हिरवं, आणि तू बाबांच्या खांद्यावर नव्हतास, तू रडत होतास म्हणून त्यांनी तुला काखेत घेतलं होतं, खांद्यावर मी होते. मग मूठ कुणी धरली? "ते मला माहीत नाही, पण मोजत मीच होते, तुला तेव्हा वीसपर्यंतसुद्धा नीट येत नव्हतं." तीनपर्यंत येत होतं की, म्हटलं. एक तास बोललो. वर्षभरात एवढं बोललो नव्हतो. फांद्यांचं विचारायचं राहूनच गेलं.


निळीच्या_मागे:

हिरवी लुकलुकही असते. बेरियम घातलं की झालं. लुकलुकणारा तारा कसा चालतो माहीत आहे? तो आतल्या आत धुमसतो, उष्णता साठत जाते, एका क्षणी भडकतो, ती उष्णता खर्च झाली की पुन्हा धुमसायला लागतो. प्रत्येक तारा आपापल्या तालाने, म्हणून एकत्र कधीच लुकलुकत नाहीत. तेव्हा पांढरं की हिरवं याने माझ्या विलोला धक्का लागत नाही.


उखळवाला:

माझ्या कामुरोलाही नाही. आकाराचं मात्र काढता येतं. मूठ ताणून धरली की साधारण दहा अंश झाकले जातात. एक किलोमीटरवर दहा अंश म्हणजे पावणेदोनशे मीटर. एवढं फूल म्हणजे गोळा सहा ते आठ इंची.


खोकाझाकण:

पण मूठ सहा वर्षांच्या मुलाची! ती लहान असणार की.


तिपाई:

हातही तेवढाच आखूड असणार. कोन तोच येतो. मी आत्ता मुलाला उभं करून मोजलं, तो अभ्यास सोडून खूश आहे.


डावा_कान:

मूठ ताईची होती हे अजून ठरायचंय.


उशिराचा_बाण:

परवा जाऊन आलो. पाण्यावरचा खेळ होता, ताईला घेऊन गेलो. काडी उडवून जागा निवडली, वारा पाठीवर. ताईने विचारलं हे काय करतोस, म्हटलं शास्त्र आहे. डावा_कान, बोळे दोघांच्याही कानांत होते, तरी 'धुप्' ऐकू येतो, तो छातीत येतो.

पंधराव्या मिनिटाला सगळं थांबलं. लोकांना वाटलं संपलं, काही उठले. मग एकच 'धुप्'. मी ताईचा हात धरला. सोनेरी उमललं, झुकलं, गळायला लागलं. सर, फांद्या मोजायला गेलो, चौदापर्यंत आलो आणि सगळं एकमेकांत मिसळलं. उखळवाला, त्यात चमचम होती. ती टोकं विझली आणि लुकलुक सुरू झाली. पांढरी.

ताई ओरडली, "हेच! हेच ते!" आजूबाजूचे वळून बघायला लागले. तिच्या डोळ्यांत पाणी.

मी काही बोललो नाही. मला ते हे वाटलं नाही. आमचं पार झाडांपर्यंत आलं होतं.


उखळवाला:

वर किती सेकंद राहिलं?


उशिराचा_बाण:

मोजायचं विसरलो. ताईला विचारलं, ती म्हणते सहा.


तिपाई:

आणि फोटो?


उशिराचा_बाण:

एक आहे. शटर दाबायच्या हातात ताईचा हात होता, त्यामुळे फक्त माझा बूट आणि समोरच्या काकांचं डोकं आलंय. काकांच्या टकलावर सोनेरी उजेड मात्र स्पष्ट दिसतो. सर, त्यावरून विलो की कामुरो सांगता येईल का?


निळीच्या_मागे:

पाठवा तर खरं.